अंगठ्याच्या मुळाशी कळ येते? पट्टा कसा निवडायचा, कसा बांधायचा आणि कधी सोडायचा

नाशिक जिल्ह्यात हातांवर सगळ्यात जास्त ताण पडतो तो द्राक्षबागेच्या गोडी छाटणीपासून (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होते ती) जानेवारीपर्यंत. छाटणी झाली की फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, काढायच्या, मग मण्यांची विरळणी, आणि बागेतून सुटलं की कांद्याची लागवड. या सगळ्या कामांत कात्री दाबतो तो अंगठा, कोवळी फूट खुडतो तो अंगठा आणि चिखलात रोप खोचतो तोही अंगठाच. म्हणून दिंडोरी, निफाडकडच्या बाया-माणसांच्या मनगटाची अंगठ्याकडची बाजू याच दिवसांत धरते. शहरात हेच दुखणं बाळंतिणींना होतं, दिवसभर फोनवर टाईप करणाऱ्यांना होतं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जुळणीच्या कामावर बसणाऱ्यांनाही होतं.

मी फिजिओथेरपीचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत मेडिकलमधून आणलेला एखादा पट्टा आधीच असतो आणि "पट्टा लावला, पण फरक नाही" ही तक्रारही असते. तो पट्टा हातावर लावून बघितला की कारण बहुतेक वेळा लगेच कळतं. मनगट बांधलेलं असतं आणि अंगठा मोकळा असतो. किंवा पट्टा बरोबर असतो, पण तो फक्त रात्री लावला जातो आणि दिवसा कात्री चालूच असते. पट्टा दुखणं बरं करत नाही. तो दुखऱ्या दोऱ्यांना, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना, विसावा देतो आणि बरं होण्याचं काम शरीर करतं. तो विसावा खरोखर मिळतोय की नाही, याच एका प्रश्नाभोवती पुढचं सगळं आहे.

आधी दुखणं ओळखा

अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेच्या हाडावरून, एका अरुंद आवरणातून जातात. नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या त्यातून सरकतात. तीच ती हालचाल हजारदा झाली की आवरण जाड होतं, जागा कमी पडते आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तुम्हाला 'डी क्वेरवेन' असं लिहिलेलं दिसेल.

घरी तपासायचं असेल तर अंगठा तळहातात घ्या, त्यावर हलकी मूठ मिटा आणि मनगट सावकाश करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याकडच्या हाडावर झटकन तीव्र कळ आली तर हेच दुखणं असण्याची शक्यता बरीच आहे. चांगल्या हातालाही थोडा ताण जाणवतो, म्हणून दोन्ही हातांवर करून तुलना करा. एकदाच करा आणि जोर लावू नका. पुन:पुन्हा तपासून दुखणं वाढवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

अंगठ्याच्या बाजूचं प्रत्येक दुखणं हेच असतं असं मात्र नाही, आणि पट्टा त्यावरच ठरतो. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, बरणीचं झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या अगदी बुंध्यात, तळहाताच्या मांसल भागाखाली दुखत असेल तर तो बहुधा सांध्याच्या झिजेचा त्रास असतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली नस दबली असावी. त्याला कार्पल टनेल म्हणतात. अंगठा वाकवला की अडकतो आणि 'टक्' आवाज करून सुटतो, तो ट्रिगर थंब.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. गाडीवरून किंवा बांधावरून हातावर पडलात आणि त्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर पट्टा आणायला जाऊ नका, हाडाच्या डॉक्टरकडे जा. तिथे स्कॅफॉइड नावाचं लहान हाड असतं. त्याला गेलेला तडा पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा असा असतो की दुर्लक्ष झालं तर हाड जुळतच नाही. "लचक भरली असेल" म्हणून चोळून घेण्याचं हे दुखणं नाही.

पट्टा घेताना

साधं क्रेप बँडेज, मनगटाला गुंडाळायची इलॅस्टिकची पट्टी, किंवा अंगठ्यात अडकवायचा नुसता एक फास असलेला खेळाडूंचा बँड, हे तिन्ही या कामाला उपयोगाचे नाहीत. ऊब मिळते, आधार वाटतो, पण अंगठा हलतच राहतो. तुम्हाला हवा आहे तो अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा पट्टा. दुकानात 'थंब स्पायका' किंवा 'रिस्ट ब्रेस विथ थंब' म्हटलं की मिळतो. त्यात अंगठ्याच्या कडेने एक ताठ पट्टी असली पाहिजे, ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची. बोटाने चाचपून बघा. ती पट्टी नसेल तर परत ठेवा, कितीही मऊ आणि छान वाटला तरी.

झिजेच्या त्रासाला मनगट बांधायची गरज बहुधा नसते. अंगठ्याचा बुंधा धरणारा आखूड पट्टा पुरतो आणि त्यात काम करणंही सोपं जातं. कार्पल टनेलला याच्या उलट: मनगट सरळ ठेवणारा पट्टा हवा, अंगठा मोकळा चालतो, आणि तो मुख्यतः रात्री लावायचा. इथे एक बारकावा आहे. तयार पट्ट्यांतली धातूची पट्टी बहुतेक वेळा मनगट मागे झुकेल अशी वाकवलेली येते. कार्पल टनेलसाठी ती काढून सरळ करून घ्यावी लागते, नाहीतर नसेवरचा दाब हवा तेवढा कमी होत नाही.

माप घेताना शिंप्याची टेप मनगटाच्या उंचवट्याच्या लगेच खाली, हाताच्या बाजूला फिरवा. आकडा लिहून न्या. प्रत्येक कंपनीचं मध्यम माप वेगळं असतं, म्हणून डब्यावरचा तक्ता बघूनच घ्या. "मीडियम द्या" म्हणून काम भागत नाही. काही पट्टे डाव्या-उजव्या हातासाठी वेगळे असतात, काही दोन्हीकडे चालतात. सुजलेला हात संध्याकाळी थोडा मोठा भरतो, तेव्हा माप संध्याकाळी घेतलेलं बरं.

नाशिकमध्ये गोळे कॉलनीत औषधांची आणि वैद्यकीय सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. तिथे दोन-तीन कंपन्यांचे पट्टे हातावर चढवून बघता येतात, आणि ऑनलाइन मागवण्यापेक्षा मला तेच योग्य वाटतं. चढवल्यावर दुकानातच मूठ मिटून बघा, खिशातला फोन धरून बघा. आतलं कापड सुती किंवा जाळीदार घ्या. रबरासारखं जाड निओप्रिन थंडीत बरं वाटतं, पण मार्च-एप्रिलच्या उन्हात घामाने त्याखाली पुरळ उठतं आणि मग माणूस पट्टाच सोडून देतो.

बांधायची पद्धत

घाई न करता, पहिल्यांदा टेबलाशी बसून करा.

१. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. बांगड्या निघत नसतील तर कोपराकडे सरकवून रुमालाने थांबवा. पट्ट्याखाली काच किंवा धातू राहता कामा नये.

२. हात धुऊन पूर्ण कोरडा करा. वेदनाशामक मलम लावलं असेल तर ते मुरून त्वचा कोरडी होईपर्यंत थांबा. मलमावर घट्ट पट्टा आवळला की त्वचा जळजळते.

३. दुखऱ्या हातात एक रिकामा ग्लास सैल धरा. अंगठा आणि मनगट आता ज्या स्थितीत आहेत, त्याच स्थितीत त्यांना राहायचं आहे: मनगट किंचित मागे, साधारण १५ ते २० अंश, आणि अंगठा तर्जनीपासून थोडा दूर. ग्लास ठेवला तरी हात तसाच ठेवा.

४. पट्ट्याचं अंगठ्याचं भोक आधी बसवा. धातूची पट्टी अंगठ्याच्या बाहेरच्या कडेने नीट सरळ आली पाहिजे. ती फिरून वर किंवा तळव्याकडे गेली तर सगळा उपयोग गेला.

५. वेल्क्रो आवळण्याचा क्रम: आधी मनगटाचा, मग कोपराकडचा, शेवटी अंगठ्याचा. अंगठ्याचा पट्टा आधी ओढला की तो हमखास जास्त घट्ट होतो.

६. आता तपासा. पट्ट्याखाली दुसऱ्या हाताचं एक बोट जरा प्रयत्नाने जायला हवं. अंगठ्याचं टोकाचं पेर वाकलं पाहिजे. डी क्वेरवेनमध्ये ते बांधायचं नसतं. चारही बोटांची मूठ मिटता आली पाहिजे. मिटत नसेल तर पट्टा तळहाताच्या वरच्या रेघेपलीकडे गेला आहे, तो मागे ओढा. नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं.

अर्ध्या तासाने एकदा सोडून त्वचा बघा. फिकट लाल वळ उठले आणि थोड्या वेळात गेले तर चालतं. वळ तसेच राहिले किंवा हाडावर एका ठिकाणी लाल डाग दिसला तर तिथे पट्टा रुततोय. आणि अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. त्या जागी त्वचेच्या अगदी खालून एक नस जाते. ती आवळली गेली की जुन्या दुखण्यात नव्या दुखण्याची भर पडते. "घट्ट बांधलं की लवकर बरं होतं" हा समज मी रोज ऐकते. तो चुकीचा आहे.

किती दिवस, किती वेळ

पहिले दोन-तीन आठवडे दिवसा आणि रात्री, जवळजवळ सतत. आंघोळीला, हात धुवायला आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटं हलवायला तेवढा काढायचा. झोपेतही लावा, झोपेत मनगट दुमडलं जातं आणि सकाळी अंगठा जास्त धरतो, ते याने टळतं. साधारण चार ते सहा आठवडे धरून चला. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागतं आणि तिथेच बहुतेक लोक पट्टा कपाटात टाकतात. कृपा करून तसं करू नका. कळ कमी झालेली असते, आवरणाची जाडी नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. महिनोन्महिने पट्टा लावून ठेवला तर स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात, आणि पट्ट्याविना हात उचलायचीच भीती वाटू लागते. सहा आठवड्यांनंतरही पट्ट्यावाचून चालत नसेल तर पट्टा बदलू नका, डॉक्टर गाठा.

सोबत शेक कुठला? दिवसभराच्या कामाने ठणकत असेल तर बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. झिजेच्या सांध्याला सकाळी कोमट पाणी बरं वाटतं. जोरात चोळणं दोन्हींतही नको. 'नस चढलीय' म्हणून तेल लावून रगडून घेतलेलं मनगट दुसऱ्या दिवशी दुप्पट सुजून येतं.

ज्यांना सुट्टी नाही त्यांच्यासाठी

'सहा आठवडे आराम' हे लिहायला सोपं आहे. पेठ-सुरगाण्याहून विरळणीसाठी येऊन बागेतच राहणाऱ्या बाईला तो मिळत नाही. रोज बुडाला की हिशेब बिघडतो. मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते तिच्यासाठी आणि तिला कामावर ठेवणाऱ्या बागायतदारासाठी.

ताठ पट्टा लावून बारीक विरळणी होत नाही. केली तर अंगठ्याचं काम मनगट आणि कोपर करू लागतात आणि दुखणं वर चढतं. तेव्हा पट्टा लावून तीच कात्री चालवण्यापेक्षा काम बदलून घेणं चांगलं: काही दिवस घड बांधणं, डिपिंगचं (घड औषधात बुडवायचं) भांडं धरणं, उचल-ठेव. बागायतदारांना माझी विनंती आहे की एका बाईला दिवसभर एकच काम देण्यापेक्षा दर दोन तासांनी जोड्या बदला. बदल होणारच नसेल तर निदान कात्री बदला: स्प्रिंगने आपोआप उघडणारी, पात्याला धार असलेली. बोथट कात्रीला दरवेळी जास्त जोर लागतो आणि तो अंगठाच देतो. दुसऱ्या हाताने अर्धं काम शिकता आलं तर उत्तम. काम सुटलं की, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्रभर पट्टा. हा आदर्श मार्ग नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप चांगला आहे.

फवारणीच्या वेळी पट्टा हातावर ठेवू नका. कापड औषध शोषून घेतं आणि ते तासन् तास त्वचेला लागून राहतं. चुकून भिजला तर लगेच काढा, हात साबणाने धुवा आणि पट्टा वेगळा धुवा.

कांद्याचं रोप खोचताना अंगठ्याने दाबण्याऐवजी पहिल्या दोन बोटांनी दाबायचा सराव करा. पहिला दिवस हळू जातो. धार काढताना अंगठा दुमडून त्याच्या पेरावर सड दाबण्याची सवय अनेकांना आहे. त्याने अंगठाही जातो आणि सडालाही इजा होते. पूर्ण मुठीने धार काढा, आणि दुखणं ताजं असेल तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवा.

बाळंतिणींनो, बाळाला दोन्ही काखांत अंगठे फाकवून उचलणं हे तुमच्या दुखण्याचं एक मोठं कारण आहे. एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि एक मान-पाठीखाली घाला, तळवे वरच्या दिशेला, अंगठा बाकी बोटांना चिकटलेला, आणि वजन मनगट ते कोपर या भागावर घ्या. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर तोलू नका, उशी घ्या. पट्ट्याची कडक कड बाळाला लागू नये म्हणून वरून मऊ कापड गुंडाळा. हा त्रास बहुतेकींचा काही महिन्यांत ओसरतो, तेव्हा घाबरू नका. पण सासूबाईंना किंवा नवऱ्याला स्पष्ट सांगा की सध्या कपडे पिळणं, कणिक मळणं आणि भरलेला कुकर उचलणं तुमच्याकडे नाही. गोळ्या किंवा मलम डॉक्टरांना विचारूनच, कारण तुम्ही पाजताय.

फोन टेबलावर ठेवून तर्जनीने टाईप करा, किंवा बोलून लिहा. पट्टा लावून दुचाकी चालवू नका. क्लच आणि ब्रेक हवे तेव्हा पूर्ण दाबता येत नाहीत. कारखान्यात फिरत्या यंत्राजवळ, लेथ असो की ड्रिल, पट्टा अजिबात नको. वेल्क्रोचं सुटं टोक अडकलं तर हात ओढला जातो. सुपरवायझरला सांगून तेवढे दिवस दुसरं काम मागा.

पट्ट्याची निगा

धातूची पट्टी काढा, वेल्क्रो बंद करा, कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा. मशिनमध्ये नको, पिळू नका. घामाच्या दिवसांत दोन पट्टे असले तर सोयीचं, नाहीतर आत पातळ सुती मोजा कापून घाला. पट्टी परत घालताना तिचा वाक पूर्वीच्याच दिशेने आहे ना ते बघा.

पट्टा सोडताना

कळ बरीच ओसरली की आधी घरातल्या हलक्या कामाला पट्टा काढा, मग प्रवासात, मग रात्री. जड आणि तेच ते करायच्या कामाला तो सगळ्यात शेवटी सुटतो. प्रत्येक टप्प्याला तीन-चार दिवस द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर एक टप्पा मागे या.

याच वेळी व्यायाम सुरू करा. अंगठा तळहाताच्या पातळीत बाहेर नेऊन पाच सेकंद धरा आणि परत आणा, असं दहादा. मग अंगठ्याच्या टोकाने एकेका बोटाचं टोक शिवा. आठवड्याने हात मांडीवर, अंगठा वर ठेवून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरा, मनगट वर उचला आणि अगदी सावकाश खाली आणा. खाली आणणंच महत्त्वाचं आहे, तिथे घाई नको. थोडं दुखलं तर चालेल; रात्रभर ठणकलं तर बाटली रिकामी करून करा.

डॉक्टरकडे केव्हा

तीन-चार आठवडे नीट पट्टा लावून, काम कमी करूनही फरक नसेल तर वाट बघत बसू नका. आवरणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात आणि पुष्कळांना त्याने आराम पडतो. इंजेक्शन आणि पट्टा मिळून एकट्या पट्ट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण काही दिवस साखर वाढते. सुईच्या जागी त्वचा थोडी पांढुरकी पडू शकते. त्यानेही भागलं नाही तर ते आवरण मोकळं करण्याची छोटी शस्त्रक्रिया असते, बहुधा फक्त हात बधिर करून. नाशिकला त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांचा विभाग आहे. खर्चाच्या काळजीने अंगावर काढू नका.

पडल्यानंतरचं दुखणं, लाल-गरम सूज, ताप, बोटं सतत बधिर राहणं, किंवा हातातून वस्तू निसटणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी जा. जाताना तुमचा पट्टा सोबत न्या, तो रोज जसा लावता तसा लावून दाखवा, आणि हात दिवसभर कुठलं काम करतो ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.